मामा मोजणारा साडू

सरपंचांच्या नातवाचं म्हणून मी त्याच्या आईचं रक्त मोजलं. मी डॉक्टर आहे, पदवी खरी आहे, चष्म्याचा नंबरही तेव्हा बरोबर होता, तरी मोजलं. पण या चुकीचं मूळ माझ्यात नसून माझ्या साडूत आहे, आणि ते पटवून द्यायचं तर आधी साडू सांगावा लागेल. भीमेच्या दोन्ही काठांवर मिळून, म्हणजे इकडे दौंड आणि तिकडे शिरूर धरून, बारशाच्या घुगऱ्या चघळता चघळता "तुमच्यात तान्ही मुलं किती गेली हो?" असं विचारणारा, आणि तरीही पुढच्या बारशाचं आवतण मिळवणारा माणूस एकच झाला. मी विचारलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडातल्या घुगऱ्याही परत मागितल्या असत्या.

तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्हणजे सासरच्या घरात थोरला जावई मी; आधी आलेला मी, आधी मान माझा. दोघंही सरकारी डॉक्टर. माझं आरोग्य केंद्र नदीच्या अलीकडे, राहूच्या बाजूला. त्याचं पलीकडे, शिरूर तालुक्यात. माझ्या शर्टाला इस्त्री असे, बुटांना पॉलिश असे आणि दारावर माझ्या नावाची पितळी पाटी असे. त्याच्या शर्टावर जांभळे डाग असत. रक्ताची काच रंगवायचं जे औषध असतं, त्याचे ते डाग. ते जात नाहीत, आणि गेलेले त्याला चाललेही नसते. मेहुणीनं हौसेनं घेतलेला प्रत्येक शर्ट थोड्याच दिवसांत जांभळाच्या झाडाखाली वाळत घातल्यासारखा दिसू लागे. त्याच्या एम-एटी फटफटीच्या कॅरियरला सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी गोधडीत गुंडाळून बांधलेली असे. लोक लग्नाला आहेर घेऊन जातात, हा सूक्ष्मदर्शक घेऊन जाई. रांजणगावाकडच्या एका लग्नात वरमाईला वाटलं, पेटीत मिक्सर आहे. तिनं ती आहेराच्या टेबलावर मांडून घेतली आणि वर हळदकुंकू वाहिलं. त्यानं ते आठवडाभर पुसलं नाही. "शुभ असतं," म्हणाला.

त्याला वेड होतं ते एकाच आजाराचं. काही बाळं जन्माला येतात ती अंगात राखणदारच नसलेली. दिसायला गुटगुटीत, रडायला खणखणीत. आईच्या पोटात मिळालेली शिदोरी पुरते तोवर दोन-चार महिने सगळं झकास. मग सर्दी येते ती जात नाही, जुलाब लागतात ते थांबत नाहीत, आणि वर्षाच्या आत सगळं संपतं. कारण म्हणून न्यूमोनिया लिहिला जातो आणि तेही खोटं नसतं. यातला एक प्रकार आईच्या रक्तातून उतरतो. मुली सुटतात, मुलगे जातात. म्हणजे बाळाचे मामा तान्हेपणी गेलेले असतील तर डॉक्टरनं कान टवकारायला हवेत. त्यात आपण जन्मलेल्या प्रत्येक बाळाला बीसीजीची लस टोचतो. तिच्यात जिवंत जंतू असतात, अगदी मवाळ. पण ज्या घराला राखणदारच नाही, ते घर मवाळ पाहुणाही लुटून नेतो. साडूचं मागणं एवढंच होतं, की जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळाला लस टोचण्याआधी दोन गोष्टी करा: आजोळच्या माणसांकडे मामांची चौकशी करा, आणि नाळेतलं थोडं रक्त घेऊन त्यातल्या पहाऱ्याच्या पेशी मोजा. नव्या बाळात त्या भरपूर असतात. कमी दिसल्या तर लस थांबवा आणि बाळाला मोठ्या दवाखान्यात पाठवा. आपल्याकडे बायका बाळंतपणाला माहेरी येतात याचा त्याला कोण आनंद! "अहो साडूभाऊ, सगळा पुरावा खाटेशेजारी पाय पसरून बसलेला असतो," तो म्हणे, "फक्त विचारायचा अवकाश."

आणि तो विचारी. कुठंही विचारी. मेहुणीला बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात असताना त्यानं माझ्या आणि त्याच्या होणाऱ्या सासूबाईंना विचारलं, "आई, तुमचे किती भाऊ लहानपणी वारले?" माझ्या हातातला चहा बशीत सांडला. सासऱ्यांनी पंख्याकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "एक गेला. देवी आल्या होत्या." "देवी? मग काही हरकत नाही," असं हा अगदी समाधानानं म्हणाला, आणि पोह्यांचा मोठा घास घेऊन पुढं विचारलं, "नाव काय होतं त्याचं?" मी मनातल्या मनात त्याला दारापर्यंत सोडून आलो होतो. सासूबाई उठून आत गेल्या. डोळे पुसून परत आल्या त्या लाडवांचा डबाच घेऊन. नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्न होऊन या घरात आले, पण माझ्या भावाचं नाव मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." मी त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा हापूसची पेटी नेली होती. तिचा उल्लेख पुन्हा कधी झाल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून माझं दुखणं सुरू झालं. अधिक महिन्यात धोंड्याला दोन्ही जावयांना बोलावलं, की मी वेळेवर हजर. हा वाटेत कुणाच्या तरी घरी पाळणा बघून गडप. पानं वाढलेली, अनारसे परातीत रचलेले, आणि सासूबाई म्हणत, "जावई आल्याशिवाय बसायचं नाही हं कुणी."

"मग मी कोण?" मी एकदा धीर करून विचारलं.

"तुम्ही काय, आहातच की!" त्या म्हणाल्या.

गावोगावच्या बायका त्याला मामामोजे डॉक्टर म्हणत. त्याच्या एम-एटीचा फटफट आवाज नाक्यावर आला, की ओसरीवरच्या म्हाताऱ्या सरसावून बसत आणि गेलेल्या लेकरांच्या गोष्टी सांगू लागत. कुणी पाण्यात गेलं, कुणी गोवरानं, कुणी नुसतं "वाळत वाळत". या शेवटच्या शब्दाला तो थांबे. माझ्या केंद्रात त्याच बायका ताप सांगत, खोकला सांगत, आणि गोळ्या घेऊन जात. मला कुणी काही सांगत नसे. माझ्याकडे पितळी पाटी होती.

जिल्ह्याच्या सभेत त्यानं आपला प्रस्ताव मांडला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. मोठ्या साहेबांनी विचारलं, "डॉक्टर, असलं बाळ मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. तुम्ही किती पाहिलीत?" हा म्हणाला, "एक, साहेब. शिकत असताना. लस टोचलेल्या जागेपासून ते नासत गेलं, आणि आम्ही सगळे कडेला उभे राहून नाव काय द्यावं यावर चर्चा करत होतो. बाकीची तुम्हीही पाहिली असतील. फक्त ओळखली नसतील." मग साहेबांनी चक्क मान डोलावली आणि म्हणाले, "बघा आपापल्या केंद्रात करून. जमलं तर पुढं विचार करू." मला ती मान फार लागली. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती कधी तशी हलली नव्हती.

म्हणून त्याच्या आधी मीच मोहीम सुरू केली. फलक रंगवून घेतला, त्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात. सरपंचांच्या हस्ते नारळ फोडला. योगायोगानं त्याच दिवशी सरपंचांची सून आमच्याच केंद्रात बाळंत झाली आणि मोहिमेचं पहिलं बाळ म्हणजे खुद्द सरपंचांचा नातू ठरला. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक नाळेच्या रक्ताची आणि एक आईच्या, हिमोग्लोबिनसाठी घेतलेली. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा भिंगाकडं बघा, हसू नका," आणि त्या गडबडीत मी हात घातला तो नेमका दुसऱ्या बाटलीला. मोठ्या माणसाच्या रक्तात त्या पेशी बाळाच्या मानानं कमीच असतात, बाळंतिणीच्या तर आणखी कमी. मी मोजल्या, त्या फारच कमी भरल्या. सरपंचांना बाजूला घेऊन गंभीर आवाजात सांगितलं. घरात रडारड झाली. बाळाला धुवट धोतरात गुंडाळून जीपमध्ये घातलं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधली, आणि जीप पुण्याच्या रस्त्याला लागली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाळ उत्तम आहे, भूक लागली आहे, आणि सोबत पाठवलेलं रक्त त्याच्या आईचं आहे, तिला पालेभाजी द्या.

सरपंच परत आले ते फडकं तोंडाला तसंच बांधून. "डॉक्टर," ते म्हणाले, "घुगऱ्या खायच्या त्या दिवशी तुम्ही माझ्या घरात मयताची कळा आणली. आता बघा मी काय करतो." त्यांचे हात वरपर्यंत पोचत होते. नवजात बाळाचं रक्त कुणीही काढायचं नाही, असा तोंडी हुकूम दोन्ही तालुक्यांना आला. फलक उतरला. चूक माझी, पण बंद पडलं ते साडूचं काम. मला वाटलं, हा आता येऊन माझी गचांडी धरणार. तो आला, शेव-चिवडा खाल्ला आणि म्हणाला, "दोन बाटल्या शेजारी ठेवू नयेत, हे मीच तुम्हाला सांगायला हवं होतं." असं बोलणाऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी फार प्रयत्न केला.

त्याच सुमारास कारेगावात एका घरी मुलीच्या जावळाला त्याला बोलावलं होतं. बाप कंपनीत कामाला, एका खोलीत बिऱ्हाड. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात. न्हावी आला, पोरगी मांडीवर बसली, पहिली बट उतरली, आणि आमचा साडू जेवण सोडून त्या मांडीकडेच बघत राहिला. पोरीची आजी, म्हणजे आईची आई, राहूच्या बाजूची, पूर्वी मेंढरांमागं हिंडलेल्या आणि आता शेतीवर स्थिरावलेल्या घरातली. त्यानं तिला विचारलं, "आजी, हा सख्खा मामा?" ती म्हणाली, "चुलत हाय." "आणि सख्खा?" ती उठून हात धुवायला गेली. हाही मागोमाग हात धुवायला गेला. तिथं राखुंडीनं घासलेल्या तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतता ओतता तिनं त्याला सांगितलं, की सख्खे तीन होते, एकानंही वर्ष पाहिलं नाही. आणि तिची लेक तेव्हा पुन्हा गरोदर होती.

सातव्या महिन्यात लेक बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे माझ्या हद्दीत. साडूचा फोन आला, "त्या घरावर लक्ष ठेवा. मुलगा झाला आणि रक्त न बघता लस टोचली, तर आपण मारला म्हणून समजा." एकदा तोंड पोळलेला मी, आधी खात्री करावी म्हणून स्वतः त्या घरी गेलो. बूट काढले, खुर्चीवर बसलो आणि विचारलं, "आजी, तुम्हाला एकूण अपत्यं किती?"

"येकच लेक."

"मुलगे?"

"न्हाई झाले."

"नक्की?"

"आता मला ठावं आसंल का तुमास्नी?" ती म्हणाली आणि चुलीत फुंकर मारायला लागली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. साडूला फोन लावला, म्हटलं, "तुमची केस खोटी निघाली. तिला मुलगे झालेच नाहीत." पलीकडून तो एवढंच म्हणाला, "मी येतो." नदी ओलांडून दुपारच्या उन्हात आला, थेट चुलीपुढं मांडी घालून बसला. मी दाराबाहेर बूट घालायच्या निमित्तानं थांबलो.

"आजी, नावं सांगा की पोरांची. त्या दिवशी राहिलीच."

तिनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. मग ती म्हणाली, "थोरला बिरा. मधला म्हाकू. धाकट्याचं नाव भ्याव वाटून ठिवलंच न्हाई. दगड्या म्हनायचो, दगडावानी टिकावा म्हून." जरा थांबून म्हणाली, "न्हाई टिकला. समदी म्हनली, आईच लेकरं खाती. लेकीच्या सासरी कळलं तर तिला बी तेच म्हंतील, म्हून बोलत न्हाई म्या."

"आजी, तुमच्या दुधात काही नव्हतं, नजरेत काही नव्हतं. एक आजार असतो. तुम्ही कितीही जपलं असतं तरी ती गेलीच असती."

"व्हय?" ती म्हणाली. "मग येवढ्या वरसांत मला कुनी सांगितलं का न्हाई?"

मी बाहेर एकाच बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होतो. बारा महिने जवळ राहणारा डॉक्टर मी, आणि दगड्या त्याला मिळाला.

लेकीचे दिवस भरले तसा हा रजा टाकून माझ्या क्वार्टरवर येऊन राहिला. माझा टॉवेल वापरला, माझ्या बायकोकडून पिठलं करून घेतलं, आणि वाट बघितली. मुलगा झाला. मी हुकमाची आठवण दिली, "रक्त काढायचं नाही असं वरून सांगितलंय." तो म्हणाला, "काढायचं नाही म्हणालेत. नाळ कापल्यावर जे आपोआप पडतं ते उचलायचं नाही, असं कुठं म्हणालेत?" यावेळी टेबलावर एकच बाटली होती. त्यानं काच रंगवली, भिंगाला डोळा लावला. काच सरकवत राहिला, सरकवत राहिला. शेवटी बाजूला होऊन म्हणाला, "तुम्ही बघा." मी पाहिलं. इकडे तिकडे दुसऱ्या जातीच्या पेशी होत्या. पहाऱ्याच्या जवळजवळ नाहीतच. नर्स लस घेऊन दारात उभी होती. "ती परत ठेवा," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणातलं माझं कर्तृत्व ते एवढंच, आणि मी ते प्रत्येक समारंभात सांगतो.

पुण्यानं नक्की केलं आणि मुंबईला पाठवलं. ज्या पोरीचं कारेगावात जावळ निघालं होतं, तिच्याच हाडांतला मगज भावाला जुळला. तिथं त्या कुटुंबानं जे महिने काढले ते मी सांगू नयेत. मी तिथं नव्हतो. साडू होता, जमेल तेव्हा, रजा शिल्लक होती तोवर आणि नसतानाही. पोरगं राखणदार घेऊन घरी आलं. आजी माझ्या केंद्रात पेढे घेऊन आली. मला एक पेढा दिला आणि अख्खा पुडा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ह्यो तेवढा पल्याडच्या डॉक्टरास्नी पोचवा." मी पोचवला. वाटेत थोडा हलका झाला, पण पोचवला.

मला वाटलं, आता त्याचा प्रस्ताव कोण अडवणार? सभेत त्यानं पोराची हकिकत सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, "फार चांगलं काम, डॉक्टर. पण एका बाळासाठी सगळ्या जिल्ह्यात भिंगं आणि माणसं कुठून आणू? तूर्त राहू द्या." तो खाली बसला. कित्येक वर्षं ज्याच्यावर मी जळत होतो तो माणूस शेजारच्या खुर्चीत बसून शर्टावरचा एक डाग नखानं खरवडत होता, आणि त्या घटकेला मला त्याचं काहीच नको होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याची बदली झाली, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. पेटी गोधडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावर चढवली. आता कधीमधी फोन येतो. "इकडं फार मामा गेलेत हो, साडूभाऊ," एवढं म्हणतो आणि दुसरंच बोलायला लागतो. धोंड्याला सासरी आता मी एकटाच जावई. पान वेळेवर मांडतात. जेवण लवकर उरकतं.

विचारायचं काम मात्र मी सोडलेलं नाही. हुकूम नाही, फलक नाही, तरी खाटेशेजारी बाळंतिणीची आई बसली असली की मी खुर्ची ओढून विचारतो. घसा खाकरतो, आवाजात जमेल तेवढा ओलावा आणतो. मध्यंतरी असाच एका बाईला विचारत होतो, "मावशी, तुमच्या मुलींना भाऊ किती? आणि किती होते? नावं सांगितली तरी चालतील." ती "समदं झ्याक हाय साहेब" म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेली आमची आजी, तीन मुलगे गेलेली तीच, बाकावरून सगळं बघत होती. बाहेर पडताना मी तिला विचारलं, "काय चुकलं हो, आजी? ते विचारायचे तसंच तर विचारतो मी."

तिनं गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"डॉक्टर, तुमी नका इचारत जाऊ," ती म्हणाली. "त्या नरसबाईला इचारू द्या. तुमच्या तोंडाकडं बघितलं की खोटंच सांगावंसं वाटतंय."